बावीस मंगळवार आणि सात मिनिटं

…आणि वर मलाच विचारतात, "एवढा वेळ का लागला?" मला! अहो सात मिनिटं लागतात! सर्व्हर उभा राहायला सात मिनिटं, घड्याळ लावून सात, आमच्या कंपनीच्या रिसेप्शनला काचेवर लिहिलंय हे एवढ्या मोठ्या अक्षरात. बटण दाबा, चहा मागवा, चहा यायच्या आत सर्व्हर तयार. मग बावीस मंगळवार गेले कुठे? तुम्हाला सांगतो, मला माहितीये कुठे गेले. एकेक मंगळवार माहितीये. पण कोणी ऐकून घेईल तर शपथ!

तुम्ही ऐका. तुम्हाला कुठे जायचंय?

मी दीपक. लालबागला राहतो, लोअर परळला क्लाउड कंपनीत डिलिव्हरी लीड आहे. डिलिव्हरी म्हटलं की आमच्या चाळीतल्या अर्ध्या लोकांना वाटतं मी पार्सलं पोचवतो, आणि मीही आता समजावणं सोडलंय, कारण पार्सलवाला निदान त्याच आठवड्यात पोचवतो. क्लाउड म्हणजे काय? तर आपली ट्रंक दुसऱ्याच्या खोलीत ठेवायची आणि लागेल तेव्हा त्याने उघडून द्यायची. बस. बाकी सगळं इंग्रजी. आणि हो, आमचं ऑफिस गिरणीच्याच जागेवर आहे, पण अप्पांच्या गिरणीच्या नाही, उगाच लगेच डोळ्यांत पाणी आणू नका. अप्पांच्या गिरणीच्या जागेवर पार्किंग आहे.

अप्पा म्हणजे माझे वडील. चौऱ्याहत्तर वय, तीस वर्षं सूतखात्यात, कापसाचा धुरळा छातीत घेऊन रिटायर झाले. दोन जिने चढले की धाप. दर मंगळवारी परळला एका ट्रस्टच्या दवाखान्यात जातात, छाती तपासायची, वाफ घ्यायची, औषधं आणायची. दवाखाना चांगला, डॉक्टर देवमाणूस, पण दिवसाला नंबर चाळीस. चाळीस म्हणजे चाळीसच. आणि चाळिसात यायचं तर पहाटे पाचला रांगेत. बरं, मी म्हटलं अप्पा, तुम्ही झोपा, मी उभा राहतो, तर ते चालत नाही, पेशंट स्वतःच पाहिजे, कारण मध्ये काही लोकांनी नंबर विकायचा धंदाच काढला होता. म्हणजे बघा हां गंमत… उभं राहिलं की धाप लागते म्हणून दवाखाना, आणि दवाखान्यासाठी तीन तास उभं राहायचं! मी आपला बाजूला, हातात पाण्याची बाटली, शोभेला.

तर त्या दवाखान्याचे व्यवस्थापक शामराव. एकदा रांगेपाशी आले आणि म्हणाले, "दीपकराव, घरबसल्या फोनवरून नंबर लावायचं ॲप करून घेतलंय आम्ही. एका ट्रस्टींच्या भाचीने केलंय, तयार आहे अगदी. फक्त ते ठेवायला सर्व्हर पाहिजे म्हणे. तुमच्या कंपनीत ट्रस्टना फुकट देतात ना?" देतात. आमची समाजसेवेची स्कीमच आहे, फोटोबिटो काढतात. आणि मी… मी काय बोललो? मी म्हटलं, "शामराव, सात मिनिटांचं काम आहे." रांगेत. चाळीस माणसांसमोर. अप्पांसमोर! अप्पा मागे वळून सगळ्यांना सांगतायत, "माझो झील करता ता. सात मिन्टात!" झील म्हणजे मुलगा, म्हणजे मी. आणि ती रांग, खोकणारी, मफलर बांधलेली, माझ्याकडे असं बघायला लागली की काय सांगू. रांगेत एक मालन मावशी असते, नायगावची. तीच वहीत सगळ्यांचे नंबर लिहून ठेवते, कोण कुणाच्या पुढे, कोण चहाला गेलंय. तिने वही मिटली आणि म्हणाली, "मग ही आता कशाला रे पाहिजे?"

नाताळच्या आधीची गोष्ट आहे ही.

ऑफिसात गेलो आणि फॉर्म भरला. फॉर्म परत आला. का? तर फॉर्मची आवृत्ती जुनी. नवीन भरला. परत आला. "बिझनेस ओनर कोण?" म्हटलं ट्रस्ट आहे, धर्मादाय आहे, ओनर कसला? तर नाही, ओनर पाहिजे, नाव पाहिजे, त्याची सही पाहिजे. शामराव म्हणाले सहीसाठी ठराव लागेल, ठरावासाठी मीटिंग लागेल, मीटिंगला कोरम लागेल आणि दोन ट्रस्टी कुडाळला गेलेत लग्नाला. ते आले, सूचक झाला, अनुमोदक झाला, ठराव झाला. तीन मंगळवार. आणि मला काय वाटलं माहितीये? मला वाटलं, हे आपले ट्रस्टवाले स्लो आहेत. एकदा का कंपनीच्या आत शिरलं की सात मिनिटं!

आत शिरलं आणि पुष्करकडे गेलं. पुष्कर आमचा आर्किटेक्ट. दादरचा, शिकलेला, गोरागोमटा, वाईट नाही हो माणूस, पण बोलायला लागला की आपण कुठल्या तरी समारंभाला आलोय असं वाटतं. "दीपक, आपण स्केलचा विचार केलाय का? उद्या एक कोटी युजर्स आले तर?" म्हटलं, "पुष्कर, चाळीस नंबर आहेत." "आज चाळीस आहेत." "अरे डॉक्टर एक आहे!" "आज एक आहे." आता या माणसाला काय सांगणार? चार आठवडे त्याने चित्रं काढली. चौकोन, बाण, चौकोन, बाण. मुंबई बुडाली तर सर्व्हर हैदराबादेत उभा राहणार, हैदराबाद बुडालं तर सिंगापुरात. मी म्हटलं, पुष्कर, मुंबई बुडाली तर पेशंट कुठे उभे राहणार? तर म्हणाला, "दॅट इज आउट ऑफ स्कोप." चार मंगळवार.

मग सिक्युरिटी. कालिंदी. गिरगावची, स्पष्टवक्ती, माझी मैत्रीण म्हणा, पण कामात सख्ख्या भावाला सोडायची नाही. तिची प्रश्नावली, दोनशे चौदा प्रश्न! मी शामरावांना घेऊन बसलो, एकेक प्रश्न वाचून दाखवला. "आपल्या आवाराच्या चाव्या कोणाकडे असतात?" शामराव म्हणाले, "समोर केमिस्टकडे." "आवारात अनधिकृत प्रवेश होतो का?" शामराव प्रामाणिक माणूस, विचार केला आणि म्हणाले, "मांजर येतं." मी पण मूर्ख, लिहिलं! कालिंदीचा फोन. "दीपक, हे मांजर काय आहे?" म्हटलं मांजर आहे. "कसं येतं?" खिडकीतून. "म्हणजे खिडकीला कंट्रोल नाहीये." अगं पण सर्व्हर आपल्याकडे, ते मांजर परळला, मांजर काय वायरीतून येणार आहे का? "ते मला कळतंय रे. पण एकदा लिहिलंस ना तू? आता मला ते बंद करून दाखवावं लागेल." मग खिडकीला जाळी. जाळीचा फोटो. फोटोवर तारीख नाही म्हणून परत फोटो. आणखी चार मंगळवार, आणि मांजर आता दारातून येतं.

तुम्हाला सांगतो, यात कोणी आळशी नाही. हे लक्षात घ्या. आळशी असते तर निदान शिव्या घालता आल्या असत्या. आमच्याकडे भिंतीवर मोठा स्क्रीन आहे, प्रत्येक टीमचं काम वेळेत झालं की हिरवा दिवा. सगळे हिरवे! पुष्कर हिरवा, कालिंदी हिरवी, नेटवर्कवाले हिरवे. आपलं काम केलं, पुढच्याच्या टेबलावर टाकलं, दिवा हिरवा. पुढच्याने अजून उचललं नाही ना? मग ते त्याचंही नाही. दोन टेबलांच्या मध्ये जे पडलेलं असतं ना, त्याला दिवाच नाही. आणि अप्पांचा सर्व्हर कायम तिथेच, मधल्या जागेत. बाकी उभा राहायला सात मिनिटं!

मग मार्चएन्ड. मार्चएन्डला फ्रीझ. म्हणजे कोणी कशाला हात लावायचा नाही, वर्षअखेर आहे, काही बिघडलं तर? दोन मंगळवार सगळी कंपनी सोवळ्यात. अप्पा विचारतात, "झाला काय रे?" म्हटलं, अप्पा, मार्चएन्ड आहे. मार्चएन्ड म्हटल्यावर अप्पांनी मान डोलावली. मार्चएन्डला गिरणीतसुद्धा कोणी काही विचारत नसे.

राग? छे. राग यायचा तो फेब्रुवारीपर्यंत. नंतर कसं होतं, आपण राग काढायचा असं ठरवतो आणि जागेवर काही सापडतच नाही. जेवतो, झोपतो, मंगळवारी चारला उठतो, अप्पांना स्वेटर घालतो, रांगेत उभं करतो, तिथून ऑफिसला जातो, पाटी बघतो. सात मिनिटं. बरं.

तर आता सगळं झालं होतं. राहिल्या होत्या तीन मंजुऱ्या. सिस्टीममध्ये नाव येत नाही बरं का, फक्त हुद्दा येतो, म्हणे कोणी ओळखीने दबाव टाकू नये म्हणून. मंजुरी एक, टिक. मंजुरी दोन, टिक. मंजुरी तीन… प्लेसमेंट अप्रूव्हर तीन… "प्रतीक्षेत." म्हणजे हा सर्व्हर कुठल्या मशिनीवर बसवायचा एवढं बघून त्याने फक्त हो म्हणायचं. एक बटण! बाजूला एक घंटीचं चित्र असतं, ते दाबलं की त्या माणसाला आठवण जाते. मी दाबली. दुसऱ्या दिवशी दाबली. रोज सकाळी साडेनऊला, जागेवर बसलो की पहिलं काम, घंटी. देवळात गेल्यासारखी. काही नाही! एक आठवडा, दोन आठवडे, चार आठवडे. काय माणूस असेल हो हा? याच्या घरी कोणी म्हातारं नसेल का? मी कालिंदीला म्हटलं, हा तीन नंबर कोण आहे? ती म्हणाली, "नाही रे दिसत आम्हालाही. असेल कोणीतरी हैदराबादला."

आणि त्या घंटीच्या सातव्या मंगळवारी अप्पा रांगेत बसले. म्हणजे बसले नाहीत, गुडघ्यातून गेलेच. फुटपाथवर. ओठ निळसर, नुसता हात हलतोय, आवाज नाही. मी "अप्पा, अप्पा" करतोय, बाटली हातातून कुठे गेली पत्ता नाही. दवाखान्याचं दार आठला उघडतं, मालन मावशीने सहाला लाथा घालून उघडायला लावलं. वाफ दिली, ऑक्सिजन दिला. तासाभराने अप्पांनी डोळे उघडले आणि पहिलं वाक्य काय? "माझो नंबर गेलो काय रे?" मला रडू यायला पाहिजे होतं ना? आलं नाही. मी म्हटलं, नाही अप्पा, आहे नंबर, सतरावा आहे. मावशीने वहीत लिहून ठेवला होता.

त्या दिवशी ऑफिसात जाऊन मी मेल लिहिला. वरपर्यंत, सगळ्यांना. जन्मात एवढं चांगलं इंग्रजी लिहिलं नव्हतं. "एका व्यक्तीच्या बेफिकिरीमुळे वृद्ध रुग्णांचे हाल होत आहेत. ही व्यक्ती शोधून काढावी आणि तिला जाब विचारावा." पुष्करने उत्तर पाठवलं, "वेल सेड." 

आणि पुढचा मंगळवार. आता आम्ही मालवणी माणसं, आमच्याकडे कुठे काही अडलं की काय करतात? गाऱ्हाणं घालतात. देवाला थेट सांगायचं, उभ्याउभ्या. अप्पा म्हणाले, "तुझा मेल-बिल ऱ्हवांदे, मी बघतंय." रांगेत उभे राहिले, टोपी सारखी केली, हात जोडले आणि सुरू. मध्येमध्ये धाप, पण आवाज… तो सूतखात्यातला, मशिनीवरून जाणारा आवाज!

"बा देवा रवळनाथा, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा!"

आणि अख्खी रांग, "होय म्हाराजा!" त्यात अर्धे घाटावरचे, दोन गुजराती काका, एक भैया, सगळे, "होय म्हाराजा!"

"जो कोण तो तीन नंबरचो साहेब खय बसलेलो असात… तेच्या डोळ्यावरची झापड काढ रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तेचो हात त्या बटनाक लागांदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि नायच लागलो… तर तेच्या पोटात अशी कळ येवंदे, की मेल्याक खुर्चेत बसूक मिळता नये रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आणि सगळ्यात मोठ्याने कोण ओरडलं? मी! मूठ वर करून! दवाखान्याच्या पायरीवरचं मांजर पळालं.

त्या आठवड्यात मला ॲसिडिटी झाली. मी म्हटलं, चणे खाल्ले असतील.

शुक्रवारी कालिंदीचा फोन. आवाज वेगळाच. "दीपक, तुझा तो मेल वर गेला ना, म्हणून आम्हाला तीन नंबरचं नाव उघडायची परवानगी मिळाली." म्हटलं, सांग! सांग कोण आहे तो, आत्ता जातो त्याच्या टेबलावर! "तू बसलायस का?" अगं सांग ना! "दीपक… तू आहेस."

…

मी म्हटलं, कोण मी?

"तीन नंबर आधी विनीत होता. तो कंपनी सोडून गेला ना फेब्रुवारीत? त्याच्या जबाबदाऱ्या वाटल्या तेव्हा. तात्पुरती म्हणून तुला दिलीय ही. मेल आला असेल बघ."

आला असेल. आला होता! आणि त्या घंट्या? रोज साडेनऊच्या घंट्या? त्याही आल्या होत्या. मलाच! पण मला दिवसाला दोनशे आठवणी येतात हो, हे भरा, ते भरा, ट्रेनिंग करा, पासवर्ड बदला, म्हणून मीच मागच्या वर्षी सेटिंग करून ठेवलेलं, "आठवण" शब्द दिसला की मेल सरळ वेगळ्या खणात, वाचायचा नाही. खण उघडला. माझ्या चव्वेचाळीस आठवणी, एकाखाली एक, शिस्तीत. सगळ्यात वर माझाच मेल, तीन नंबरला "आठवण" म्हणून वरून पुढे आलेला. जाब विचारावा म्हणून.

मी बटण दाबलं. काय करणार? दाबलं. आणि खुर्चीत बसून राहिलो, घड्याळाकडे बघत. तुम्हाला सांगतो, सर्व्हर उभा राहिला. सहा मिनिटं पन्नास सेकंद.

पुष्करकडे गेलो. म्हटलं, पुष्कर, तो माणूस मी होतो. मला वाटलं ओरडेल. मला खरंच वाटत होतं कोणीतरी ओरडावं. तर तो खुर्ची पुढे घेऊन म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस. प्रोसेस वर्क झाली. तू एस्कलेट केलंस, अप्रूव्हरने रिस्पॉन्ड केलं. दोघांचंही कौतुक आहे." दोघांचंही! आणि भिंतीवर माझा दिवा हिरवा झाला. दोन दिवे. एक मागणाऱ्याचा, एक देणाऱ्याचा.

ते सोडा. ऑफिसचं सोडा हो. अप्पांना कसं सांगायचं?

मंगळवार आला. बाविसावा. ॲप पुढच्या आठवड्यापासून सुरू, शामरावांनी दारावर कागद लावला होता, लोक कागदाला हात लावून बघत होते. रांगेत सगळे खूश. आणि अप्पा खूश होऊन सगळ्यांना सांगतायत, "बघलास? गाऱ्हाणा घातलंय आणि तीन दिसात मेल्यान बटान दाबल्यान!" आता गप्प बसलो असतो तर चाललं असतं. कोणाला कळलं असतं? पण अप्पांचे ते निळे ओठ… मी म्हटलं, अप्पा. तो मेला मी होतो.

अप्पांना कळेचना. मी परत सांगितलं. सगळं. विनीत, खण, घंट्या, सगळं, मोठ्याने, कारण त्यांना कमी ऐकू येतं, म्हणजे रांगेनेही ऐकलं. नऊ मंगळवार, अप्पा. नऊ मंगळवार तुम्ही माझ्यामुळे उभे होता. सगळेच माझ्यामुळे उभे होते. कोणी खोकेना सुद्धा. मी मान खाली घालून उभा, म्हटलं आता घाला शिव्या, मारा, चप्पल काढा, काहीही करा.

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. श्वास घेतला. आणि रांगेकडे वळून म्हणाले… तो सूतखात्यातला आवाज…

"आयकलास? एवढी मोठी कंपनी! हैदराबाद, सिंगापूर! आणि माझ्या झिलाच्या सहीवाचून नऊ मंगळवार पान हललेला नाय! अरे आमच्या गिरणीत मॅनेजराच्या सहीवाचून पन कधी दोन दिसाच्या वर काम अडकाक नाय!"

डोळे भरले होते हो त्यांचे. अभिमानाने. मी म्हटलं, अप्पा, अहो तसं नाही… पण ऐकतो कोण? रांगेत कुजबुज सुरू. "मोठ्या पोस्टवर आहे." "त्याच्याशिवाय होत नाही म्हणे." "आणि बघा, किती साधा राहतो." गुजराती काकांनी नमस्कार केला. शिव्या? एकाने एक शिवी दिली नाही हो! आणि मालन मावशी, गुडघे गेलेले, दम्याची पेशंट, घरून प्लास्टिकचं स्टूल आणते बसायला, ती भिंतीचा आधार घेऊन उठली. स्टूल पदराने पुसलं, माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, "बसा ना साहेब. तुम्ही कशाला उभे?"

काय करणार?

बसलो.